पंडित सुंदरलालांची दोन बाडे

लेखकाला तुरुंगात टाकणारे सरकार नकळत त्याच्यावर एक उपकार करीत असते, असे म्हटले तर ते वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण घरातले पुस्तकांचे कपाट एकदा उघडून पाहावे. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. ती उतरून घेणारे साने गुरुजी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत बसले होते. ह्या तिहींपैकी एकही पुस्तक नाही असे जुने मराठी घर विरळाच सापडेल. सरकारला वाटले, आपण ह्या माणसांना गप्प केले. लोकांनी त्यांना देव्हाऱ्याशेजारी नेऊन बसविले.

हे सगळे तुरुंग मात्र इंग्रजांचे होते, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. परक्या धन्याविरुद्ध बोलून जो तुरुंगात जातो, त्याच्यामागे सारा समाज मनाने तरी उभा असतो. कोठडीत तो एकटा असतो, पण घरोघरी त्याच्या नावाने दिवा लावला जातो. जो लेखक आपल्याच माणसांना न रुचणारे आपल्याच माणसांविषयी लिहितो, त्याचे काय होते? हा प्रश्न मला पुस्तकांतून पडला नाही. तो लातूर शहराच्या एका जुन्या गोष्टीने पाडला. त्या गोष्टीतला लेखक लातूरचा नव्हता, मराठीही नव्हता. पण त्याच्या आयुष्यातले सर्वांत अवघड लेखन ज्या गावांविषयी आहे, त्यांत लातूर आहे.

पंडित सुंदरलाल हे उत्तरेकडचे, मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खतौलीचे. जन्म १८८६ चा. तरुणपणी जहाल राजकारणात उडी घेऊन त्यांनी अलाहाबादेहून ‘कर्मयोगी’ नावाचे हिंदी पत्र काढले. १९१० च्या छापखान्यांच्या कायद्याने ते बंद पडले. पुढे ते गांधीजींचे झाले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची पहिली ठिणगी जबलपुरास पडली आणि मग तो नागपुरास पेटला. त्या जबलपुरी सत्याग्रहाचे पुढारी सुंदरलालच. तुरुंगवास तेव्हा घडला आणि नंतरही वारंवार घडला.

मार्च १९२९ मध्ये त्यांचा ‘भारत में अंग्रेजी राज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कंपनी सरकारने हा देश कसा घेतला आणि कसा लुटला, ह्याची ती हकीकत. पुस्तक बाहेर पडून चार दिवस होतात न होतात तोच जप्तीचा हुकूम सुटला. पण हे घडणार हे लेखकाला ठाऊक होते. त्यामुळे पोलीस येण्यापूर्वीच बहुतेक प्रती ग्राहकांकडे रवाना झाल्या होत्या. मग ज्यांच्याकडे प्रती पोहोचल्या होत्या त्यांच्याकडे झडत्या. गांधीजींनी ह्या जप्तीचा जाहीर निषेध केला. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, बंदी उठली, दुसरी आवृत्ती निघाली. आणि स्वातंत्र्यानंतर हाच ग्रंथ भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापला. एका सरकारने जप्त केलेले बाड दुसऱ्या सरकारने सन्मानाने प्रसिद्ध केले. गोष्ट इथेच थांबली असती तर शाळेच्या क्रमिक पुस्तकात शोभली असती.

दुसऱ्या बाडाकडे वळण्यापूर्वी १९४८ चे लातूर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. लातूर हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. त्या वेळी ते निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव होते. गंजगोलाईभोवती सोळा रस्ते, आडतीची दुकाने, धान्याच्या गाड्या. ह्याच गावात कासीम रझवी वकिली करीत असे. पुढे तो रझाकारांचा म्होरक्या झाला आणि त्याच्या माणसांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. ह्या मुलखातली किती कुटुंबे त्या वर्षी घरदार टाकून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिली, ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावयास नको. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी करणारे संन्यासी, स्वामी रामानंद तीर्थ, पुन्हा पुन्हा निजामाच्या तुरुंगात जात होते. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा त्या राज्यातला कायदा होता. स्वामीजींचे भांडण मुळात ह्या एका गोष्टीशी होते: माणसाला चारचौघांत बोलावयास परवानगी का लागावी? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेस निजामाने हार मानली, आणि स्वामीजी सुटले.

आपली गोष्ट १७ तारखेस संपते. झेंडावंदन होते, भाषणे होतात, हयात असलेल्या स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार होतो. हे सर्व योग्यच आहे. पण त्या तारखेनंतरचे आठवडे कसे गेले? रझाकार पळाले किंवा पकडले गेले. मागे राहिले ते साधे मुसलमान: व्यापारी, विणकर, शेतमजूर, कारकून. गावोगाव जो सूड उगवला गेला, तो बहुतांशी ह्यांच्यावर.

ह्या बातम्या दिल्लीस पोहोचल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी एक मंडळ हैदराबादेस पाठविले. सुंदरलाल त्याचे प्रमुख. सोबत मौलाना अब्दुल्ला मिसरी आणि काझी अब्दुल गफ्फार. हे काझीसाहेब उर्दूतले नामवंत लेखक आणि हैदराबादेतल्या ‘पयाम’ ह्या पत्राचे संपादक राहिलेले. म्हणजे तिघांपैकी दोघे लेखणीवर जगलेले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ एवढे दिवस ते हिंडले. सोळांपैकी नऊ जिल्हे, एकवीस गावे-शहरे, तेवीस मोठी खेडी. शिवाय जिथे जाणे झाले नाही अशा १०९ खेड्यांतल्या पाचशेंवर लोकांशी ते बोलले. सुंदरलाल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते.

त्यांनी जे लिहिले त्याचा सारांश थोडक्यात असा. रझाकारांचे अत्याचार त्यांनी झाकले नाहीत. पण पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर संस्थानात निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज पडला. सर्वांत वाईट स्थितीचे चार जिल्हे त्यांनी सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावे आहेत. दुसरी दोन बीदर आणि गुलबर्गा. लातुराविषयी त्यांनी लिहिले की, हा प्रकार तिथे वीस दिवसांहून अधिक चालला. सुमारे दहा हजारांच्या मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे त्यांना गावात आढळली. हजारावर मारली गेली होती, बाकीची जीव घेऊन पळाली होती. ह्या आकड्यांविषयी अभ्यासकांत वाद आहेत आणि ते असावयास हरकत नाही. दोन लेखक आणि एक मौलाना तीन आठवड्यांत खानेसुमारी करू शकत नाहीत. परंतु हजार की सातशे ह्या वादाने मूळ गोष्टीचा रंग बदलत नाही.

हा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना तो पटला नाही आणि दिल्लीच्या दप्तरात तो पडून राहिला. त्याचे काही भाग १९८० नंतर परदेशातल्या एका पुस्तकात आले. समग्र अहवाल छापील स्वरूपात सामान्य वाचकाच्या हाती आला तो २०१३ साली. पासष्ट वर्षे! इंग्रजांनी जप्त केलेला ग्रंथ नऊ वर्षांत पुन्हा छापला गेला होता.

ह्यात एक मौज आहे, तिला मौज म्हणवत नाही ती गोष्ट वेगळी. सुंदरलालांना ह्या वेळी कोणी पकडले नाही. झडती झाली नाही, खटला झाला नाही. ते मोकळे हिंडत होते, भाषणे करीत होते, १९५१ साली चीनला गेलेल्या सद्भावना मंडळाचे पुढारीपण त्यांनीच केले. १९८१ मध्ये नव्वदी ओलांडून ते वारले. तुरुंगात गेले ते फक्त त्यांचे कागद. आणि कागद तुरुंगात गेले की कोणी मोर्चा काढीत नाही. १९७६ साली दुर्गाबाई भागवतांना आणीबाणीत अटक झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की सरकार एका विदुषीला भिते. त्या अटकेने दुर्गाबाईंचा शब्द अधिक दूर गेला. कपाटात बंद केलेल्या अहवालाला हे भाग्य नाही. तो बंद आहे हेच मुळी कोणाला ठाऊक नसते.

आता अहवाल दाबून ठेवणाऱ्यांची बाजू. ती हलकी नाही, आणि तिला हलकी म्हणणारा त्या काळाला न्याय देत नाही. फाळणीच्या कत्तली होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. गांधीजींचा खून होऊन वर्षही झाले नव्हते. हैदराबादेतले नवे प्रशासन अजून उभे राहावयाचे होते. अशा वेळी हा कागद बाहेर पडला तर ज्यांच्या कैवारासाठी तो लिहिला त्यांच्याच घरांवर पुन्हा संकट येईल, असे एखाद्या जबाबदार माणसाला वाटले तर त्याला खोटा म्हणवत नाही. घरात आजारी माणूस असला की वाईट बातमी आपणही आठ दिवस मागे ठेवतो.

आठ दिवस. ह्या शब्दावरच माझे भांडण आहे. काही काळ गप्प राहणे आणि विसरून जाणे ह्यांच्यातली रेघ कोणी, केव्हा ओढावयाची? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे गुपित कोणापासून होते? ज्यांनी मारले त्यांना ठाऊक होते. ज्यांची माणसे गेली त्यांना तर ठाऊक होतेच. त्यांना अहवालाची गरज काय? शेजारपाजारच्यांनी आरडाओरडा ऐकला होता. म्हणजे गावाला सर्व माहीत होते. मग पासष्ट वर्षे हे लपले ते एकाच माणसापासून: पुढे जन्मलेल्या मुलापासून. त्याला शाळेत रझाकारांची गोष्ट सांगितली गेली. ती खरी होती. तिचा पुढचा भाग मात्र त्याच्यापर्यंत आला नाही. मग मोठेपणी तो भाग त्याने कुठूनतरी ऐकला, तो बहुधा कोणाच्यातरी रागातून, वाढवून, विखार घालून. जबाबदार लेखकांनी तोलून लिहिलेले शब्द कपाटात होते आणि रस्त्यावरचे बेजबाबदार शब्द मोकळे होते.

‘पण सुरुवात त्यांनी केली,’ असे उत्तर हमखास येते. लातूर हे व्यापाऱ्यांचे गाव आहे, म्हणून त्या उत्तराचा विचार व्यापाऱ्याच्या भाषेतच करू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आडत दुकानातून नव्या वहीवर हळदकुंकू वाहतात. त्या वहीचा पहिला नियम असा की, एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडावयाची नाही. दोघे एका जातीचे असोत, एका गावचे असोत, एका आडनावाचे असोत. खाते माणसाचे असते. एखाद्या शेतकऱ्याने उचल घेतली आणि तो पळाला, म्हणून त्याच्या गावच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून ती रक्कम कापून घेणारा आडत्या बाजारात टिकत नाही. लोक त्याला हिशेबी म्हणत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे. रझवीचे खाते रझवीचे. त्याच्यावर स्वतंत्र भारतात खटला झाला, त्याने वर्षानुवर्षे शिक्षा भोगली आणि १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला. त्याच्या खात्यावरची बाकी एखाद्या विणकराच्या नावे कशी मांडता येईल?

आणि विणकरांवरून आठवले. ह्या अहवालातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हजारांच्या आकड्यांत नाही. सुंदरलाल आणि काझीसाहेब लिहितात की, अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला. विशेषतः एका धंद्यातल्या माणसांत हे दिसले: हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यासाठी त्यांतल्या काहींनी प्राण गमावले. हल्ला करणारे हिंदूच होते. म्हणजे हे लोक आपल्याच माणसांपुढे दार अडवून उभे राहिले. ज्याच्या मागाशेजारी आपला माग चालला, ज्याच्याकडून अडीनडीला सूत उसने घेतले, त्याला त्यांनी जमावाच्या हाती दिले नाही. ह्या माणसांनी कुठला ग्रंथ वाचला असेल असे मला वाटत नाही.

अहवाल कपाटात गेला, त्याबरोबर हेही कपाटात गेले. दुष्कृत्य झाकावयाचे तर त्याच्या आड उभे राहिलेले सत्कृत्यही झाकावे लागते. कारण विणकर मेला असे सांगितले की, त्याला कोणी मारले हा प्रश्न येतोच. आपली लाज लपविता लपविता आपण आपली सर्वांत चांगली माणसे गमावली. संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव आपण घेतो. त्यांनी ‘इमरोज’मध्ये हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांच्या बाजूच्या मारेकऱ्यांनी त्यांना ठार केले. स्वजनांविरुद्ध बोलणारा तो खरा शूर. त्याला मान देणे आपल्याला सोपे जाते, कारण त्याचे स्वजन आपले विरोधक होते. त्याच तोलाचे त्या विणकरांचे मरण. पण १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचा उल्लेख निदान मी तरी कधी ऐकलेला नाही.

आपल्या परंपरेत हे बसत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. महाभारत पहिल्याने सविस्तर सांगितले गेले ते कोणापुढे? जनमेजयापुढे. हा पांडवांचा पणतू, जिंकलेल्या घराण्याचा राजा. वैशंपायन त्याच्या यज्ञमंडपात बसून, खुद्द व्यासांच्या समक्ष, त्याच्या पणजोबांच्या विजयाची कथा सांगत आहेत. त्या कथेत युधिष्ठिराने द्रोणाला सांगितलेले अर्धसत्य आहे, त्यामुळे भुईला टेकलेला त्याचा रथ आहे, कमरेखाली गदा मारलेला दुर्योधन आहे, आणि दोन्हींकडच्या विधवांमधून चालणारी गांधारी आहे. कौरवांनी आधी काय केले हे त्यात सविस्तर आहेच. द्यूत आहे, वस्त्रहरण आहे. पण त्याच्या पोटी नंतरचे गाळलेले नाही. आणि जनमेजय उठून गेला नाही. तो मध्ये मध्ये प्रश्न विचारतो, आणखी सांगा म्हणतो. राज्य नवे होते, नागांशी वैर चालू होते, म्हणजे गप्प राहावयास त्यालाही कारणे कमी नव्हती.

ह्या सर्वांत स्वतः सुंदरलालांविषयी एक प्रश्न उरतो आणि तो मला सोडवत नाही. १९२९ साली पोलीस येण्याआधी प्रती टपालात टाकणारा हा माणूस, त्याने हा अहवाल तसाच का छापून वाटला नाही? ते विकले गेले नव्हते, भित्रे तर कधीच नव्हते. मला वाटते, पहिल्या वेळी समोरचे सरकार त्यांचे नव्हते आणि दुसऱ्या वेळी होते. ज्यांच्याबरोबर तुरुंगात भाकरी खाल्ली ते आता सत्तेच्या खुर्चीवर होते. त्यांच्या हाती कागद दिला, आता ते पाहतील, असा विश्वास होता. परक्याच्या तुरुंगात जाण्यास जे धैर्य लागते त्याहून हे धैर्य वेगळ्या जातीचे असते. त्यात मित्रांच्या घरचे आमंत्रण बंद होते. १९४९ साली ते गप्प राहिले ह्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. १९५९ साली, १९६९ साली? तिथे माझी लेखणी अडखळते. तरीही एवढे त्यांच्या नावे जमा आहे की त्यांनी लिहिले. तोलून, दोन्ही बाजू पाहून, सही करून लिहिले. सरकारने न छापलेला अहवालसुद्धा आधी कोणीतरी लिहावा लागतो.

तुकोबांच्या गाथेचे बाड इंद्रायणीत बुडविले आणि ते तेरा दिवसांनी वर आले, ही कथा आपल्याला फार आवडते. खरे शब्द बुडत नाहीत, असे म्हणून आपण निर्धास्त होतो. हे बाड पासष्ट वर्षांनी वर आले. तेवढ्या काळात बोट दाखवून ‘हे घर, हा वाडा’ म्हणू शकणारी बहुतेक माणसे गेली.

लातूरकरांना मेलेल्यांची आठवण ठेवता येत नाही असे कोण म्हणेल? १९९३ च्या अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता किल्लारीचा भूकंप झाला. त्यात मेलेल्यांना दर ३० सप्टेंबरला आजही श्रद्धांजली वाहिली जाते, गावे पुन्हा वसविली गेली, कोणाच्या घरातले किती गेले हे लोक तोंडपाठ सांगतात. तो घाला जमिनीने घातला होता, म्हणून त्याविषयी बोलताना कोणाची मान खाली जात नाही.

१९४८ साली जो मुलगा दहा-बारा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या आसपास असेल. लातुरात, औशाला, उदगीरला, निलंग्याला, नांदेडच्या जुन्या गावभागात अशी म्हातारी माणसे अजून आहेत. दिवाळीचा फराळ त्यांना आता चावत नाही. चकलीचा तुकडा चहात बुडवून खातात. त्या सप्टेंबरात आपल्या गल्लीत कोणी कोणाला माळ्यावर लपविले, कोणाच्या चुलीवरची भाकरी रात्री कोणाकडे जात होती, हे त्यांतल्या काहींना ठाऊक आहे. सुंदरलालांच्या मंडळाने ज्या पाचशे लोकांना विचारले त्यांत ही मुले बहुधा नव्हती, आणि त्यानंतर त्यांना कोणी विचारलेले नाही.